वाकड्या फेन्सला सरळ तोंड

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. भावाच्या घरच्या कपाटाच्या दारांसाठी टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणाऱ्या करवतीवर, सागाच्या चार पट्ट्या काढायच्या होत्या. रुंदी ६० मिलिमीटर, लांबी तीन फूट. काढल्या, व्हर्निअर लावला, तर एकीत सुरुवातीला ६०, पुढे ५९.६, शेवटाला ६०.३. दुसरीची तऱ्हा तिसरीच. कडेला काळे डाग, आणि शेडमध्ये साग जळल्याचा तो गोडसर वास. नाचता येईना अंगण वाकडे, असं म्हणून आठवडाभर मी स्वतःच्याच हाताला दोष दिला. मग फेन्स, म्हणजे लाकूड जिला टेकवून पात्यात सरकवायचं ती आधाराची पट्टी, काढून डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला, आणि दिसलं की इथे अंगणच वाकडं आहे.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही करू नका, म्हणून आधी तेच सांगतो. गाडीचा स्क्रू जॅक आणला, फेन्सच्या दोन्ही टोकांना लाकडाचे ठोकळे दिले आणि मधलं पोट दाबायला लागलो. बराच वेळ काहीच हललं नाही. फेन्स थोडी दबायची, जॅक सोडला की पुन्हा जागेवर. आणखी अर्धा फेरा दिला, ‘टक्’ असा आवाज आला आणि जॅकच्या टोकाखाली ॲल्युमिनियम बसलं. गल्लीतले सुतारमामा दारातून बघत होते. “कशाला दाबायलास? वाकडं काय हाय ते तरी बघितलास का आधी?” नव्हतं बघितलं. फेन्सवर बसवलेली एमडीएफची (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डाची) फळी काढली आणि कळलं, पोट फळीला होतं. मागचा ॲल्युमिनियमचा सेक्शन बहुधा ठीकच होता. आता त्याला मात्र मधोमध अर्धा मिलिमीटर खळगा पडला होता, आणि तो माझ्या हाताने पाडलेला.

तरीही तीच फेन्स आज मशीनवर आहे आणि पट्ट्या एका मापाच्या निघतात. कारण पातं आणि लाकूड यांना फेन्सच्या पाठीशी काही देणंघेणं नसतं. त्यांना हवं असतं सरळ तोंड, म्हणजे लाकूड जिथे टेकतं ती बाजू. पाठ सरळ करण्याच्या नादी लागण्यापेक्षा वाकड्या पाठीवर सरळ तोंड बसवणं घरच्या शेडमध्ये कितीतरी सोपं जातं.

प्लग आधी काढा

स्विच बंद केला एवढ्यावर थांबू नका, प्लग सॉकेटमधून बाहेर काढून डोळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवा. आपल्याकडे लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. स्वस्तातल्या बऱ्याच टेबल सॉंचा स्विच साधा असतो. लाईट गेली तेव्हा तो चालू राहिला असेल, तर लाईट आल्या क्षणी पातं फिरायला लागतं, आणि नेमके तेव्हा आपले हात पात्याशी मोजमाप करत असतात. लाईट गेल्यावर आपोआप सुटणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय न लागणारा स्विच मिळतो. तो बसवून घेतलात तर उत्तम, पण मोजताना तरीही प्लग बाहेरच हवा.

फेन्सच्या आधी पातं तपासा

निम्म्या वेळा फेन्स वाकडी नसतेच, पातंच टेबलाच्या खाचेशी तिरकं उभं असतं. मायटर गेज (लाकूड कोनात धरून कापायचा सरकता आधार) टेबलाच्या ज्या खाचेत सरकतं ती खाच हा आपला आधार, बाकी सगळं तिच्यावरून मोजायचं.

त्यासाठी डायल गेज लागतोच असं नाही. खाचेत न डगमगता सरकेल अशी सागाची पट्टी रंधून घ्या. तिच्यावर एक आडवा ठोकळा बसवा आणि ठोकळ्याच्या टोकाला पितळी स्क्रू लावा. पातं पूर्ण वर काढा, एका दाताला मार्करने खूण करा. तो दात पुढच्या बाजूला आणून स्क्रू त्याला जेमतेम टेकेल इतका बाहेर काढा. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे आणा, पट्टीही मागे सरकवा आणि पुन्हा टेकवून बघा. दोन्हीकडे तोच दात वापरायचा, म्हणजे पातं स्वतः किंचित हेलकावत असलं तरी त्याची चूक मापात येत नाही. मागे फट पडली तर तिथे फिलर गेज, म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पानांचा जुडगा, घाला. हा गेज मोटारसायकलचे टॅपेट सेट करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिककडे असतो, स्पेअर पार्टच्या दुकानात महागही नाही. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर पात्याला हात लावू नका. जास्त असेल तर आधी मशीनच्या पुस्तकात बघून पातं खाचेशी समांतर करा, मगच पुढे चला. ही स्क्रूवाली पट्टी टाकून देऊ नका, शेवटी परत लागणार आहे.

तंगूस लावून मोजा

आता मुख्य काम. फेन्स सरळ आहे की नाही हे कशाशी ताडून बघायचं? पोलादी स्ट्रेट एज असेल तर प्रश्नच मिटला. माझ्याकडे नव्हती. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाईटच्या ओट्यावर मी एकदा विसंबलो होतो. ओटा चकाकतो म्हणजे सपाट असतो असं नाही.

सगळ्यात स्वस्त सरळ रेषा म्हणजे ताणलेला तंगूस. गळाला बांधायचा बारीक नायलॉनचा दोरा घ्या. दोरा कितीही ताणला तरी किंचित खाली झोळतो, पण आडवा कधी वाकत नाही. म्हणून फेन्स टेबलावर असते तशी उभीच ठेवायची, तोंड आकाशाकडे करून आडवी नाही. एवढं पाळलं की दोऱ्याचा झोळ मापात येत नाही.

फेन्सच्या तोंडावर दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं एकेक ड्रिल उभं चिकटपट्टीने लावा. तंगूस या दोन्ही ड्रिलवरून नेऊन फेन्सच्या पाठीमागे बांधा. ताण इतका हवा की बोटाने छेडलं तर सूर निघावा. आता दोरा दोन्ही टोकांना तोंडापासून बरोबर ३ मिलिमीटरवर आहे. तिसरं ३ मिलिमीटरचं ड्रिल घेऊन दर १५० मिलिमीटरवर दोरा आणि तोंड यांच्यात उभं सरकवा. दोऱ्याला जेमतेम लागून गेलं तर ती जागा ठीक. ड्रिल सैल गेलं तर तिथे खळगा आहे. ड्रिलच्या मागे फिलर गेजची पानं घालत जा. दोरा किंचित थरथरला की थांबा, तेवढा खळगा. ड्रिल आत शिरताच दोऱ्याला ढकलत असेल तर तिथे पोट आहे. तिथे २.५ मिलिमीटरचं ड्रिल घ्या आणि पानं घालून भरा. समजा ०.२ चं पान भरल्यावर दोरा हलला, तर पोट ०.३.

प्रत्येक आकडा तिथल्या तिथे मार्करने फेन्सवर लिहा. लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

हे मोजमाप सकाळी करा. आमच्या परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. सगळी फेन्स सारखी तापली तर ती थोडी लांब होते, वाकत नाही. पण खिडकीतून उन्हाचा पट्टा एकाच बाजूवर पडला तर तापलेली बाजू लांब होते आणि कमान येते. सव्वादोन फुटांच्या, ६० मिलिमीटर रुंद ॲल्युमिनियमच्या फेन्सला दोन बाजूंत नुसता तीन अंशांचा फरक पडला तरी हिशेबाने ०.०७ मिलिमीटर कमान निघते. म्हणजे दुपारी मोजलेला दोष संध्याकाळी गायब, आणि आपण वेडे.

नेमकं वाकडं काय?

वरचं माप तीनदा घ्यायचं. पहिल्यांदा फेन्स आहे तशी, फळीसकट. दुसऱ्यांदा फळी काढून, नुसत्या सेक्शनवर. तिसऱ्यांदा फेन्स मशीनवर चढवून, लॉकचा दांडा आवळण्याआधी आणि आवळल्यावर.

फळी असताना पोट आणि काढल्यावर सेक्शन सरळ, तर दोष फळीचा. पावसाळ्यात हेच सगळ्यात जास्त दिसतं. कच्चं एमडीएफ ओल ओढून लांबीलाही थोडं वाढतं, मागचं ॲल्युमिनियम वाढत नाही, आणि दोघांना सात-आठ स्क्रूंनी करकचून बांधलेलं असतं. वाढलेल्या फळीला जायला जागा नाही, मग ती बाहेरच्या अंगाला फुगते आणि सोबत सेक्शनलाही ओढते. उन्हाळ्यात उलट, ॲल्युमिनियम तापून वाढतं आणि सुकलेली फळी आखडते.

लॉक आवळल्यावरच वाक येत असेल तर फेन्सला काहीही झालेलं नाही. फेन्स ज्यावरून सरकते त्या रुळावर फेविकॉलचा थेंब वाळलेला असतो किंवा भुसा दाबून बसलेला असतो, नाहीतर मागचा हूक गरजेपेक्षा जास्त ओढत असतो. रूळ रॉकेलच्या फडक्याने पुसा, हुकाचा नट अर्धा फेरा सैल करून बघा. दांडा एका हाताने बसायला हवा. त्यावर गुडघा द्यावा लागत असेल तर चुकतंय.

काटकोन तपासायला गुण्या टेबलावर उभा करून तोंडाला लावा आणि मागून टॉर्च मारा. पुढच्या टोकाला वरून उजेड आणि मागच्या टोकाला खालून उजेड दिसला तर फेन्सला पीळ आहे. पिळाचा त्रास कमानीपेक्षा जास्त, कारण पीळ नुसत्या पॅकिंगने पूर्ण जात नाही. थोडा असेल तर फळी निभावून नेते. टॉर्चशिवायच नजरेला दिसावा इतका असेल तर सेक्शन बदलायचा.

किती वाक चालतो? माझं मत सांगतो: पूर्ण लांबीत ०.१५ मिलिमीटरपर्यंत असेल तर सोडून द्या. आपलं लाकूड चिरताना त्याहून जास्त उघडतं. ०.३ च्या वर गेला की पट्टीच्या मापात दिसायला लागतो. दोष कुठे आहे यालाही महत्त्व आहे. खळगा असेल तर लांब पट्टीची दोन्ही टोकं रुंद आणि मध बारीक निघतो. पोट असेल तर लाकूड त्यावर झुलतं, कड लाटेसारखी येते आणि डाग पडतात. पोट पात्याच्या मागच्या अंगाला असेल तर ते नुसतं मापाचं दुखणं राहत नाही. लाकूड फेन्स आणि मागचे दात यांच्यात आवळलं जातं, वर येणारे ते दात त्याला उचलून तुमच्या दिशेने फेकतात. ०.१ मिलिमीटरची घासाघीस मी फक्त या जागेसाठी करतो.

फळी कोणती आणि कशी

नवी फळी १८ मिलिमीटरच्या एचडीएचएमआर बोर्डाची करा. ओलीला हा बोर्ड साध्या एमडीएफपेक्षा खूपच चांगला टिकतो. चांगलं प्लायही चालेल, पण दुकानातच डोळा लावून सरळ तुकडा निवडा. लांबी फेन्सइतकी, उंची साधारण १०० मिलिमीटर.

सनमायका लावणार असाल तर दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावला की ती बाजू ओल घेत नाही, उघडी बाजू घेते, आणि फळी पुन्हा कमानीसारखी होते. पैसे वाचवायला मागची बाजू कोरी ठेवायचा मोह होतो. मी ठेवली होती, जुलैअखेर ती फळी जळणात गेली. कापलेल्या कडांनाही फेविकॉलमध्ये थोडं पाणी मिसळून दोन हात द्या, वाळल्यावर पॉलिश. खालच्या कडेला तोंडाच्या बाजूने दोन-तीन मिलिमीटरचा तिरपा काप घ्या, म्हणजे भुसा तिथे शिरेल आणि लाकूड फेन्सपासून उचललं जाणार नाही.

स्क्रूची भोकं नीट पाडली की निम्मं काम झालं. फळीत मधोमध एकच गोल भोक, स्क्रूच्या मापाचं. बाकी सगळी लांबट, आडव्या दिशेने स्क्रूपेक्षा तीन-चार मिलिमीटर जास्त. डोकं आत बसेल असा खड्डाही तसाच लांबट करा, आणि शंकूच्या डोक्याचे नाहीत, सपाट बुडाचे स्क्रू वापरा. शंकूचं डोकं फळीत रुतून तिला धरून ठेवतं, मग लांबट भोकाचा उपयोग काय? मधला स्क्रू पक्का आवळा. बाकीचे आवळून पाव फेरा मागे घ्या. फळी मधून धरलेली राहील आणि दोन्ही बाजूंना मोकळी सरकेल.

सेक्शन सरळ असेल तर तुमचं काम इथेच संपलं, पुढचा पॅकिंगचा भाग सोडून थेट समांतर बसवण्याकडे जा.

वाकड्या सेक्शनवर पॅकिंग

जॅक लावून झाल्यावर माझ्या ७०० मिलिमीटर लांब फेन्सचे आकडे असे होते: पुढच्या टोकाला ०, १५० वर ०.२, ३०० वर ०.४५, ४५० वर ०.५, ६०० वर ०.२५, मागच्या टोकाला ०. सगळा खळगा. जिथे जेवढा खळगा, तेवढीच भर फळीच्या मागे घालायची.

भर कशाची? थंड पेयाचा ॲल्युमिनियमचा कॅन. त्याच्या अंगाचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर असतो. व्हर्निअरमध्ये चार घड्या धरून मोजा आणि चाराने भागा, म्हणजे तुमच्या कॅनचा आकडा कळेल. कागद किंवा व्हिजिटिंग कार्ड नको, ओल धरून फुगतं. कात्रीने कॅनच्या २०×४० मिलिमीटरच्या पट्ट्या कापा, कडा रेती कागदावर घासा, नाहीतर बोटं चिरतात. प्रत्येक पट्टीला मधोमध यू आकाराची खाच करा, म्हणजे स्क्रू पूर्ण न काढता, फक्त सैल करून पट्टी वरून त्याच्यावर बसवता येते, घोड्यावर खोगीर टाकावं तशी.

१५० वर दोन, ३०० वर चार, ४५० वर पाच, ६०० वर दोन. पट्ट्या स्क्रूपाशीच हव्यात. स्क्रू एकीकडे आणि पॅकिंग दुसरीकडे असेल तर स्क्रू फळीला खळग्यात ओढून घेतो आणि सगळी मेहनत पाण्यात. स्क्रू मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने आवळत जा, मग तंगूस पुन्हा लावा. पहिल्या फेरीत माझा ०.५ चा खळगा ०.२ वर आला. ३०० वर एक पट्टी वाढवली, ६०० वर एक वाढवली, तेव्हा ०.०८ उरला. तिथे थांबलो.

पोट असेल तर हिशेब उलटा: पोटाच्या जागी काही नाही, टोकांना भर. काटकोन सुटला असेल तर पट्टी स्क्रूच्या फक्त वर किंवा फक्त खाली घाला, गुण्याला उजेड दिसेनासा होईपर्यंत.

सेक्शन कामातूनच गेला असेल तर

स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्या दुकानात जा आणि ॲल्युमिनियमचा जाड बॉक्स सेक्शन मागा. अंग निदान ३ मिलिमीटर जाड हवं, खिडकीचा पातळ माल नको. तिथेच प्लायच्या तुकड्यावर टोकदार पेन्सिलने सेक्शनच्या कडेने रेघ ओढा. मग सेक्शन उलटा फिरवून त्याच दोन टोकांच्या खुणांना लावा आणि तीच कड दुसऱ्या बाजूने ओढा. दोन रेघांमधे मधोमध जी फट दिसेल ती खऱ्या वाकाच्या दुप्पट असते. रेघा एकमेकींवर बसल्या तर घ्या, नाहीतर दुसरा नग. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या. लोखंडी बॉक्स पाईप स्वस्त पडतो, पण वेल्डच्या शिवणीमुळे क्वचितच सरळ असतो, शिवाय वजन.

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल तर मिलिंग करून, म्हणजे मशीनवर तोंड सपाट छिलून, घ्यायचा विचार मनात येईल. सांगताना एवढं सांगा की फेन्स शिकंजात आवळून सरळ करू नका. आवळून सरळ केलेली वस्तू मिलिंगनंतर सोडली की परत वाकते.

०.२ च्या आतला वाक घरीही घासून निघतो. १२ मिलिमीटर जाड काच सपाट टेबलावर ठेवा, तिच्यावर ८० नंबरचा रेती कागद चिकटवा आणि रॉकेलचा हात देत फेन्सचं तोंड घासा. आधी तोंडावर मार्करच्या आडव्या रेघा मारा, त्या जिथे पुसल्या जात नाहीत तिथे खळगा. शेवटी २४०. वेळ भरपूर जातो, मला पॅकिंग जास्त परवडतं.

समांतर बसवणं आणि चाचणी

फेन्स मशीनवर चढवा, वरचे बोल्ट सैल करा. खाचेतली ती स्क्रूवाली पट्टी काढा, स्क्रू फेन्सच्या पुढच्या टोकाला टेकवा, मग पट्टी मागे न्या. मागे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर फट हवी, म्हणजे फेन्स मागे किंचित उघडी. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ असतो. तो घट्ट सरकेल इतकीच फट ठेवा. फेन्स मागे आत झुकलेली अजिबात नको, पुन्हा तेच, लाकूड आवळलं जातं. बोल्ट एकेक पाव फेरा करत आळीपाळीने आवळा आणि परत मोजा, कारण आवळताना फेन्स सरकतेच.

चाचणीला साग वाया घालवू नका. १२ मिलिमीटर प्लायची सरळ कडेची, तीन फुटी पट्टी घ्या. पात्यामागची पाचर जागेवर, हातात पुश स्टिक (लाकूड पुढे ढकलायची काठी), उभं राहायचं पात्याच्या रेषेच्या बाजूला. हातमोजे नकोत, गळ्यात गमछा तर मुळीच नको. कापताना कान उघडे ठेवा: पातं मागून खाजवत असेल तर लाकूड पुढे गेल्यावरही बारीक ‘सर्र’ आवाज येत राहतो. कापलेल्या कडेवर चंद्रकोरीसारखे ओरखडे उठले तर तेही मागच्या दातांचेच, फेन्स अजून थोडी उघडा. मग पट्टी पाच ठिकाणी मोजा.

माझ्या पहिल्या पट्टीत पाच आकड्यांत ०.१ चा फरक निघाला. सुतारमामांना दाखवली तर त्यांनी ती हातात घेऊन डोळा लावला, उलटी करून परत डोळा लावला आणि म्हणाले, “बरं हाय. आता त्या जॅकला गाडीखालीच राहू दे.” फेन्सच्या पाठीवर, दबलेल्या खड्ड्याशेजारी, मी मार्करने तारीख आणि आकडा लिहायला सुरुवात केली आहे. ऑगस्टात ०.०८ होता. दिवाळीनंतर ०.१०, मेमध्ये ०.१२. मृगाचा पहिला पाऊस झाला की पुन्हा तंगूस लावणार आहे.